आखूड सळई

डबा सागवानी होता, आतून हिरवी बनात लावलेली. बनातीत एक पितळी चिमटा निजवलेला. त्याच्या अंगावर बारीक अक्षरं कोरली होती : जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड. आमच्या दुकानात पितळ आलं की मी आधी नखाने टिचकी मारून बघतो. पितळ चांगलं होतं. पण चिमट्याच्या ज्या टोकाला उभी सुई हवी, तिथे तुटका खुंट तेवढा उरला होता.

"याले नवी सुई घालून द्याल का जी?" वाड्यातल्या नातवाने विचारलं. वाडा लाखनीकडचा, नातू राहतो नागपूरला. डब्यासोबत एक पोतडी होती. ती त्याने माझ्या गल्ल्याजवळ ओतली तर खणखणत बाहेर आल्या बारा बोरच्या बंदुकीच्या पितळी पुंगळ्या. मोजून त्रेचाळीस.

भंडाऱ्यात पितळेचं काम करणाऱ्याकडे माणसं काय काय आणतील याला हिशेब नाही. फुटका गुंड, बूड गेलेला गंज, देवळातली घंटा, आजीच्या लग्नातलं घंगाळ. माझे वडील हातोडीवर मठारकाम करायचे, मी लेथवर आलो. स्टीलने आमचा धंदा अर्धा खाल्ला आणि उरलेला दुरुस्तीवर जगतो. पण पुंगळ्या पहिल्यांदाच आल्या.

नातवाचे पणजोबा मालगुजार. 1951 मध्ये मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारकडे गेले, बंदूक घरात राहिली. त्या तलावांना आपल्याकडे अजून मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचं आद्याक्षर धरून. हिवाळ्यात तिथे बदकं उतरायची आणि वाड्यातली माणसं पहाटे बंदूक घेऊन निघायची. काडतूस विलायतेहून यायचं, महाग पडायचं, म्हणून पितळी पुंगळी जपून ठेवायची आणि घरी पुन्हा भरायची अशी रीत होती. भरायच्या आधी बुडातली, दारू पेटवून उडालेली टोपी काढावी लागते, त्यासाठी तो शेफील्डचा चिमटा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली. बंदूक पुढे वडिलांच्या परवान्यावर पीकराखणीच्या नावाने राहिली आणि ते गेल्यावर ठाण्यात जमा झाली. पुंगळ्या मात्र गोठ्यावरच्या माळ्यावर पडून होत्या. नातवाला त्या घासूनपुसून सागाच्या पाटीवर लावून बैठकीत टांगायच्या होत्या.

मी आधी कागद मागितला. शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे, त्याच्या भागांचीही त्या व्याख्येत सोय केलेली आहे. मी पितळवाला, बंदूकवाला नव्हे. नातू जरा नाराज झाला, पण दोन आठवड्यांनी ठाण्यातून लेखी घेऊन आला. शिवाय नागपूरच्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचा माणूस पुंगळ्या बघून गेला आणि सांगून गेला की शोभेसाठी ठेवायच्या तर टोपी काढूनच ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला पुंगळी मेलेली आहे हे मागून दिसतं. भरण्याचा प्रश्न नव्हताच. काम एवढंच : त्रेचाळीस टोप्या काढायच्या.

त्या माणसाने दोन पुंगळ्या तिथल्या तिथे बाजूला केल्या होत्या. त्यांच्या टोपीवर बंदुकीच्या सुईचा खड्डाच नव्हता. म्हणजे कोणीतरी टोपी बसवून ठेवली, दारू भरायची राहून गेली. त्या दोन तो पोचपावती देऊन घेऊन गेला. उरल्या एक्केचाळीस.

शेफील्डच्या चिमट्याला सुई घालायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. जुनं विलायती हत्यार आपल्या हाताने पुन्हा चालतं करण्यात एक मजा असते. पण बिजागरी ढिली होती. चिमटा दाबला की सुई मधून न जाता तिरपी जायची. ती आधी का तुटली असेल ते त्यातच दिसत होतं. मी चिमटा घासून, तेल देऊन बनातीत परत ठेवला.

मग आपली गावठी पद्धत. सागाच्या ठोकळ्याला भोक पाडलं, त्यावर पुंगळी उभी केली, तोंडातून सुई आत घातली आणि वरून हलका ठोका. सुई कशाची? घरात सायकलचा स्पोक पडलेला होता, बरोबर दोन मिलीमीटर जाड, बुडाच्या भोकात अलगद जाणारा. पहिल्या पुंगळीची टोपी टपकन खाली पडली आणि मला वाटलं, संध्याकाळपर्यंत काम फत्ते. दुसऱ्या पुंगळीत स्पोक वाकला. तिसऱ्यात नागमोडी झाला. मग मी मोडक्या ड्रिलबिटचा दांडा घेतला. तो कडक. तो वाकला नाही, तुटला. एक तुकडा भोकातच अडकून बसला आणि तो काढायला मला अर्धा दिवस गेला.

इथे मी दोन-तीन दिवस पोलादाच्या मागे लागलो. हे पोलाद मऊ, ते ठिसूळ, तिसरं आणू या. हार्डवेअरवाल्याकडे चकरा. आज हसू येतं, कारण चूक पोलादात नव्हतीच. पुंगळी अडीच इंच खोल. तेवढी लांब आणि दोन मिलीमीटर जाड काडी कोणत्याही पोलादाची केली तरी ती ठोक्याखाली बाजूला पळणारच. भाता ओढणाऱ्या पोरालाही हे कळतं की लांब खिळ्याला ठोकताना आधी मुळाशी धरायचं. मी सोळा मिलीमीटरचा गज घेतला, पुंगळीच्या पोटात सैलसर जाईल असा, लेथवर त्याच्या तोंडाला मधोमध भोक पाडलं आणि त्यात सुई अशी बसवली की बाहेर फक्त सहा मिलीमीटर दिसेल. गज जाड असल्याने पुंगळी त्याला आपोआप मध्यावर धरते आणि सुईला पळायला जागाच राहत नाही. तीच सुई, त्याच ड्रिलबिटच्या पोलादाची. शेवटपर्यंत टिकली.

हातोडी मात्र मला सोडावी लागली. तोपर्यंत तशी गरज पडली नव्हती, पण मनात काहीतरी खटकत होतं. ठोका मारला की जे व्हायचं ते होऊन जातं, हाताला मधलं काही कळत नाही. टोपी सुटते आहे, की सुई भलतीकडे टेकली आहे, की बूड चेपतं आहे, हे सगळं ठोक्यात एकच वाटतं. मठारकामात ठोका बोलतो, कारण तिथे एका जागी शंभर ठोके असतात. इथे ठोका एकच. म्हणून मी जुन्या पिलर ड्रिलचा पट्टा उतरवला, चकमध्ये तो गज धरला आणि खाली पुंगळीसाठी पितळेचं घर खरादून बसवलं. मोटर बंद. नुसता दांडा हळूहळू खाली दाबायचा. टोपी सुटताना तळहाताला बारीकशी हिसडी बसते. ती पहिल्यांदा बसली तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काकाजी, आवाजच नाही झाला." नाही झाला, म्हणूनच बरं.

एका पोतडीत सगळ्याच पुंगळ्या एका जातीच्या असतील असं मी धरून चाललो होतो. पंधरा-सोळा निघाल्या आणि पुढची दाबली तर दांडा थांबला. हाताला दगड लागल्यासारखं. बरं की हातोडी नव्हती. पुंगळी काढून तोंडात टॉर्च मारला, तर बुडाला मधोमध भोकच नाही. दोन बाजूंना दोन बारीक छिद्रं आणि मध्ये घट्ट पितळ.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या आळीत राहतात. 1964 पासून ती फॅक्टरी इथे आहे, भंडाऱ्यात चार घरं सोडून पाचव्या घरी तिथला माणूस सापडतो. त्यांना मी पुंगळी नेऊन दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "ऐरण कुठे हाय ते पाहा आधी." टोपीतला मसाला नुसता दाबून पेटत नाही. त्याला एकीकडून सुईचा ठोका आणि दुसरीकडून काहीतरी टणक टेकू लागतो, दोघांमध्ये चिरडला की ठिणगी पडते. तो टेकू म्हणजे ऐरण. एका जातीत ऐरण टोपीच्याच पोटात बसवलेली असते, मग पुंगळीच्या बुडाला मधोमध एक मोठं भोक पाडता येतं. दुसऱ्या जातीत ऐरण पुंगळीच्या बुडातूनच उचललेली असते. ती मध्ये बसल्यामुळे ठिणगीला आत जायला बाजूने दोन छिद्रं ठेवावी लागतात. मी सुई त्या ऐरणीवर दाबत होतो. आयुष्यभर ऐरणीवर काम केलेल्या माणसाने बोटाएवढ्या पुंगळीतली ऐरण ओळखू नये!

काकांनी एक गंमतही सांगितली. एका भोकाची जात काढली ती एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने, आणि ती रुजली अमेरिकेत. दोन छिद्रांची काढली हायरम बर्डन या अमेरिकन माणसाने, आणि ती चालली युरोपातल्या फौजांत. दोघांचं काम 1866 च्या आसपासचं. माळ्यावरच्या पोतडीत दोघे शेजारी शेजारी पडले होते.

मोजल्या तर बर्डनच्या चौदा निघाल्या. त्यांना आतून सुई चालणार नाही. काका म्हणाले, पाण्याने निघतात. पुंगळीत पाणी भरायचं, तोंडात घट्ट बसणारा दट्ट्या घालायचा आणि वरून ठोका. पाणी दबत नाही, ते दोन छिद्रांतून टोपीमागे जातं आणि टोपीला ढकलून देतं. रायफलच्या बारीक तोंडाच्या पुंगळीत हे छान जमतं. बारा बोरचं तोंड मात्र रुंद. टोपीवर जेवढा जोर हवा त्याच्या कितीतरी पट जोर दट्ट्यावर लावावा लागतो, आणि तोच दाब पुंगळीच्या पातळ भिंतीलाही सगळीकडून बसतो. हा हिशेब मी ठोक्याच्या आधी करायला हवा होता. मी नंतर केला. टोपी जागची हलली नाही, पुंगळी तोंडापासून मध्यापर्यंत उभी फाटली आणि पाणी माझ्या चष्म्यावर.

फाटली ती नुसती माझ्या ठोक्याने नव्हे. उजेडात धरून पाहिलं तर फाटीची कड आतपर्यंत काळी होती. नवं फाटलेलं पितळ सोन्यासारखं चमकतं, काळी कड म्हणजे भेग जुनी. मग मी सगळ्या पुंगळ्या भिंगाखाली धरल्या. आणखी पाचांच्या तोंडाशी केसासारख्या उभ्या भेगा होत्या.

ही भेग आमच्या ओळखीची आहे, फक्त आम्ही तिला नाव ठेवलेलं नाही. ठोकून ठोकून ताठ झालेलं पितळ मध्ये धग देऊन मऊ केलं नाही, तर वस्तू पूर्ण झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी दुकानाच्या फळीवर बसल्या जागी तडकते. रात्री टिण् असा आवाज येतो. वडील म्हणायचे, पितळ रागावलं. इंग्रजांच्या फौजेला हाच राग हिंदुस्थानात भेटला. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवली जायची आणि पाऊस सरल्यावर बघावं तर पुंगळ्या तडकलेल्या. बरीच वर्षं तो ऋतूचा दोष समजला गेला, इंग्रजीत त्याचं नावही ऋतूवरूनच पडलं. खरं कारण 1921 मध्ये उलगडलं : पुंगळी ओढून लांब करताना पितळात ताण साठतो, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया पावसाळी दमट हवेत त्या ताणलेल्या पितळाला कणाकणाच्या सांध्यातून फाडतो. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, त्याला हा वास फार लवकर बाधतो. बेताची धग देऊन ताण काढला की भेग पडत नाही.

वाड्यातल्या पुंगळ्या कुठे होत्या? गोठ्यावरच्या माळ्यावर. नातवाला हे सांगितलं तर तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बैलाईनं फोडल्या म्हना की."

धग द्यावी असं इथे फार वाटतं. वस्तू वस्तूत अडकली की आम्ही पहिल्यांदा शेगडीच बघतो. पण टोपी बसलेल्या पुंगळीला, मग ती उडालेली दिसो की न दिसो, धग लावायची नाही हे मी पोराला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि अमोनियावालं पॉलिशही बंद. चिंचेचं पाणी, राख, काथ्या, झालं.

बर्डनच्या तेरांसाठी शेवटी आकडा केला. गाडीच्या पाट्याचा तुकडा घासून त्याला पोपटाच्या चोचीसारखं टोक काढलं. टोक टोपीच्या कडेजवळ बाहेरून घुसवायचं, बुडाच्या काठावर टेकू द्यायचा आणि वर उचलायचं, डब्याचं झाकण उघडतो तसं. टोपीची चिंधी होते, घराच्या काठाला एखादा ओरखडा पडतो. पुन्हा भरणाऱ्याला हा ओरखडा चालला नसता. पाटीवर टांगणाऱ्याला चालतो. हत्याराचं बरं-वाईट असं त्या कामापुरतंच असतं, आणि आमचं काम शोभेचं होतं. त्यामुळे हे गावठी हत्यार मला शेफील्डच्या चिमट्यापेक्षा उजवं वाटलं, कोणी हसलं तरी.

पण आकडा बाहेरून टोपीत घुसतो. म्हणून त्याच्या आधी एक पायरी आली, आणि माझ्या मते साऱ्या कामात तीच महत्त्वाची होती. प्रत्येक पुंगळीच्या तोंडात टॉर्च मारून छिद्रांभोवती काजळी आहे का ते बघायचं. टोपी खरंच उडाली असेल तर आत काळं होतं, ते पन्नास-साठ वर्षांनीही जात नाही. अकरावी की बारावी पुंगळी हातात होती. टोपीवर सुईचा खड्डा स्वच्छ, गोल, इतरांसारखाच. शस्त्रविक्रेत्याच्या माणसालाही ती उडालेलीच वाटली होती. पोराने आकडा पुढे केला. मी टॉर्च मारला तर आत पितळ पिवळं. दोन्ही छिद्रं कोरी.

बंदुकीचा घोडा पडला होता, सुई लागली होती, टोपी पेटली नव्हती. फुसका बार. कोण्या पहाटे, कोण्या तलावावर बदक उडून गेलं असेल आणि कोणीतरी चरफडत हे काडतूस काढून दारू-छर्रे ओतून ठेवलं असेल. मसाला तसाच आत. दिवाळीच्या टिकलीसारखाच ठोक्याने पेटणारा, पण टिकलीहून किती तरी जोरकस. पाण्यात किंवा तेलात बुडवून ठेवली की टोपी मरते असं लोक छातीठोक सांगतात, त्यावर विसंबू नये. काकांनी तर ती पुंगळी हातातही घेतली नाही, लांबूनच पाहिली. जवाहरनगरमध्ये जन्म काढलेला माणूस अशा वेळी बोलत नाही. 24 जानेवारी 2025 ला त्या फॅक्टरीत स्फोट होऊन आठ कामगार गेले, तेव्हा ते तीन दिवस ओट्यावर बसून होते. मी ती पुंगळी वाळूच्या डब्यात उभी केली, ठाण्यात फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी तीही पोचपावतीवर नागपूरला गेली.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. निघालेल्या टोप्यांमधून काळी भुकटी झडायची. मी ब्रशने झाडून फुंकर मारायचो. काकांनी ते पाहिलं आणि ओरडले. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पारा असायचा, अलीकडच्यांत शिशाचे क्षार असतात, आणि ती भुकटी श्वासातून, बोटांतून पोटात जाते. तेव्हापासून ओलं फडकं, टोप्या पाण्याच्या डब्यात, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय खर्ऱ्याला हात लावायचा नाही. पोराचा खर्रा त्या महिन्यात निम्म्यावर आला, एवढा एक फायदा.

पुंगळ्या धुतल्यावर बुडावरची अक्षरं वर आली. काहींवर नुसतं किनॉक, काहींवर एली-किनॉक आणि आयसीआय. आयसीआय ही कंपनी 1926 मध्ये झाली, म्हणजे त्या पुंगळ्या त्यानंतरच्या. खडकीच्या शक्तिमान काडतुसाची एकही नव्हती, ती वडिलांच्या काळातली आणि ती कोणी भरून वापरत नाही. नातवाने अक्षरं बाहेर दिसतील अशी मांडणी मागितली. टोपी नसल्यामुळे प्रत्येक अक्षरवर्तुळाच्या मधोमध एक काळं भोक दिसतं, सत्तावीस भोकं आरपार आणि बारा बुजलेली, मध्ये इवलीशी ऐरण.

एकोणचाळीस पाटीवर गेल्या. फाटलेली त्याने मागून घेतली आणि शेफील्डच्या चिमट्याशेजारी बनातीत ठेवली. मजुरी ठरल्यापेक्षा दीडपट झाली, ती त्याने कुरकुर न करता दिली. पितळी घर अजून माझ्या कपाटात आहे. पिलर ड्रिलचा पट्टा मी पुन्हा चढवलाच नाही. त्या सोळा मिलीमीटरच्या गजाने सध्या मी जुन्या गुंडांच्या कड्यांचे आणि कुकरच्या मुठींचे रिव्हेट काढतो, दिवसाला दहा-बारा.